ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे : एका आकड्याने शंभर वर्षे केलेली फसगत

१/२१
कांजूरमार्गच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावरून रोज हजारो दुचाकी धावतात. पेट्रोल भरताना त्यांतील कित्येक तरुण साध्या पेट्रोलकडे पाठ फिरवून महागड्या पेट्रोलकडे वळतात, कारण त्यावर मोठा आकडा लिहिलेला असतो : ९५, ९९, १००. आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी, ही त्यामागची श्रद्धा. ती खोटी आहे. ती आपोआप जन्मलीही नाही. शंभर वर्षे ती पद्धतशीरपणे विकली गेली, आणि मुंबईच्या मुलांनी तिची किंमत आपल्या रक्तातून चुकवली. (धागा)

२/२१
प्रथम विज्ञान. इंजिनात पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते, तापते. नेमक्या क्षणी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीने पसरते. पण ज्योत पोहोचण्यापूर्वीच दूरच्या कोपऱ्यातील मिश्रण आपोआप पेटले, तर सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा आदळू लागतात. बाहेर ऐकू येते ती धातूवर हातोडी पडल्यासारखी टकटक. गॅरेजच्या भाषेत हेच नॉकिंग. ते दीर्घकाळ चालले तर पिस्टनला भोकही पडू शकते.

३/२१
ऑक्टेनचा आकडा सांगतो तो एवढेच : हे पेट्रोल दाब आणि उष्णता सोसून ठिणगीची वाट किती पाहू शकते. त्यात ऊर्जा किती आहे, याविषयी तो आकडा मौन पाळतो. पुरावा हवा असेल तर इथेनॉल पाहावे. त्याचा ऑक्टेन आकडा १०८च्या आसपास. पण एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच. आकडा मोठा, ऊर्जा कमी. ताकदीचा सिद्धान्त इथेच कोसळतो.

४/२१
मग हा गैरसमज आला कोठून? विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोटारी टकटक करू लागल्या, तेव्हा अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी आणलेल्या बॅटरीवरच्या प्रज्वलन यंत्रणेवर ठपका ठेवला गेला. दोष ठिणगीचा नसून इंधनाचा आहे, हे इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो आणि अमेरिकेत केटरिंग यांचे सहकारी थॉमस मिजली यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. मिजली यांनी अनेक पदार्थ पेट्रोलमध्ये मिसळून पाहिले. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यांना हवे ते सापडले : टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग. चिमूटभर घातले की टकटक बंद.

५/२१
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकावे. टकटक थांबवणारा दुसरा पदार्थ तेव्हाही ठाऊक होता : अल्कोहोल. मिजली यांनी स्वतः त्याची चाचणी घेतली होती. पण अल्कोहोल मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे आणि ते कोणीही गाळू शकत असे. त्यावर मक्तेदारी शक्य नव्हती. शिशाच्या संयुगाचे पेटंट घेता येत होते. फेब्रुवारी १९२३मध्ये डेटन शहरात त्याची विक्री सुरू झाली. नाव ठेवले ‘एथिल’. शिसे हा शब्द नावातून गायब. शिसे विषारी असते, हे मात्र रोमन काळापासून जगाला माहीत होते.

६/२१
ऑक्टोबर १९२४. न्यू जर्सीतील बेवे येथे हे संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊ लागले. पाच जण दगावले, तीसहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि त्याची वाफ हुंगून दाखवली : पाहा, काही होत नाही! हेच मिजली त्याआधीच्या वर्षी शिशाच्या विषबाधेने आजारी पडून विश्रांतीसाठी गेले होते. ऑक्टेनच्या जाहिरातीचा हा पहिला मोठा प्रयोग. त्याचा पाया असत्याचा होता.

७/२१
मे १९२५मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी परिषद बोलावली. ॲलिस हॅमिल्टन आणि यँडेल हेंडरसन या शास्त्रज्ञांनी बजावले की धोका केवळ कारखान्यात नाही. गाडीच्या धुरातून शिसे रस्त्यारस्त्यावर साचत जाईल. उलट बाजूने उद्योगाच्या प्रतिनिधीने या संयुगाला चक्क देवाची देणगी ठरवले. १९२६मध्ये समितीने निष्कर्ष काढला की बंदी घालण्यास सबळ कारण दिसत नाही. पुढील अभ्यासाची शिफारस झाली आणि तो अभ्यास बहुतांशी उद्योगाच्याच पैशावर होत राहिला.

८/२१
आता प्रत्यक्ष आकड्याची जन्मकथा. १९२६-२७च्या सुमारास एथिल कॉर्पोरेशनचे रसायनज्ञ ग्रॅहम एडगर यांनी मोजपट्टी तयार केली. सहज टकटक करणारे नॉर्मल हेप्टेन म्हणजे शून्य. चिवटपणे सोसणारे आयसोऑक्टेन म्हणजे १००. एखादे पेट्रोल ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखे वागले, तर त्याचा आकडा ९१. मोजपट्टी शास्त्रशुद्ध होती आणि आजही आहे. पण ती घडली शिसे विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत. मोजमाप आणि विक्री जन्मापासूनच एका छपराखाली नांदली.

९/२१
या मोजपट्टीच्या दोन रीती आहेत. रिसर्च पद्धतीत, म्हणजे ‘रॉन’मध्ये, चाचणीचे इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर तुलनेने सौम्य परिस्थितीत चालवतात, मोटर पद्धतीत ९०० फेऱ्यांवर, अधिक उष्णतेत. भारतातील पंपावर रॉन असतो. अमेरिकेतील पंपावर दोन्हींची सरासरी. म्हणून अमेरिकेचे ८७ म्हणजे साधारण आपले ९१. अमेरिकी व्हिडिओ पाहून आपल्याकडचे ९१ त्यांच्या ९१शी ताडणारा तरुण दोन वेगळ्या फुटपट्ट्यांनी एकच कापड मोजत असतो.

१०/२१
‘शंभर’ या आकड्याला वलय लाभले ते युद्धात. १९४०च्या ब्रिटनच्या हवाई लढाईत १०० ऑक्टेनचे विमान-इंधन आले आणि स्पिटफायर, हरिकेन विमानांच्या मर्लिन इंजिनांना अधिक दाबाची हवा देणे शक्य झाले. वैमानिकांना जादा शक्ती मिळाली, हे खरे. पण ती दिली सुपरचार्जरच्या वाढीव दाबाने. इंधनाने त्या दाबाखाली टकटक होऊ दिली नाही, एवढेच त्याचे काम. दाब न वाढवता तेच इंधन ओतले असते, तर विमान तसूभरही वेगाने उडाले नसते. लोकांच्या स्मरणात मात्र फक्त आकडा राहिला.

११/२१
हा इतिहास परदेशातच थांबला नाही. मुंबईत चेंबूरच्या पलीकडे माहुलला १९५४मध्ये स्टँडर्ड व्हॅक्यूमचा आणि १९५५मध्ये बर्मा शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. राष्ट्रीयीकरणानंतर, अनुक्रमे १९७४ आणि १९७६मध्ये, त्यांतून आजच्या हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या कंपन्या उभ्या राहिल्या. त्याच काळात जुन्या आग्रा रोडलगतचा, म्हणजे आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गालगतचा विक्रोळी-कांजूरमार्ग-भांडुप हा कारखान्यांचा पट्टा भरभराटीला आला. १९६८मध्ये कांजूरमार्गला रेल्वे स्थानकही मिळाले.

१२/२१
त्या पट्ट्यात धावणाऱ्या मोटरसायकली आठवाव्यात. १९५५पासून मद्रासला जुळणी होऊ लागलेली एन्फिल्ड बुलेट, साठच्या दशकातील राजदूत, म्हैसूरची जावा आणि पुढे येझदी. बुलेटमध्ये मिश्रण साडेसहा-सात पटींच्या आसपासच दाबले जाई. इतक्या माफक दाबाला ८७ ऑक्टेनचे पेट्रोल पुरून उरे. त्या गाड्यांत ९३ घालून इंजिनाला काही लाभत नव्हते. दोन्ही प्रतींत शिसे होते आणि वरच्या प्रतीचा आकडा गाठण्याचा सोपा मार्ग म्हणजे अधिक शिसे.

१३/२१
ते शिसे जाई कोठे? धुराड्यातून थेट हवेत, रस्त्याच्या धुळीत, आणि रस्त्यालगतच्या चाळींत रांगणाऱ्या मुलांच्या तोंडात. १९९७मध्ये जॉर्ज फाउंडेशनच्या पाहणीत मुंबईच्या तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर आढळले. शिसेयुक्त पेट्रोल बंद झाल्यावर दोन वर्षांनी झालेल्या तपासणीत हे प्रमाण ३३ टक्क्यांवर उतरले होते. शिसे मुलांच्या बुद्धीचा कायमचा ऱ्हास करते. यंत्राच्या टकटकीवरील औषधाची ही खरी किंमत.

१४/२१
शिसे हटले कसे, हेही बोलके आहे. १९९४मध्ये महानगरांत कमी शिशाचे पेट्रोल आले. १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, पण ते प्रामुख्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या नव्या मोटारींसाठी. कारण शिशाने तो कन्व्हर्टर निकामी होतो. पहिला मान यंत्राला मिळाला, मुलांच्या मेंदूला नंतर. सर्वोच्च न्यायालयातील लढ्यानंतर १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसे बंद झाले. जगाच्या पाठीवरून ते पूर्णपणे जाण्यास २०२१ उजाडले.

१५/२१
शिसे गेले, आकड्याची भूल गेली नाही. नव्या शतकाच्या आरंभी तेल कंपन्यांनी विशेष नावांचे पेट्रोल बाजारात आणले : ‘स्पीड’, ‘पॉवर’, ‘एक्स्ट्राप्रीमियम’. त्यांतील स्वच्छता करणारी द्रव्ये इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवरील काजळी कमी करतात, हा उपयोग मान्य करावा. पण नाव पाहा : वेग, शक्ती! १ डिसेंबर २०२०ला इंडियन ऑइलचे १०० ऑक्टेनचे पेट्रोल मुंबईसह दहा शहरांत आले. ज्या इंजिनाला त्याची गरज आहे, त्याच्यासाठी ते योग्यच. पण शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचा मालक ते घेतो, तेव्हा तो इंधन घेत नाही, बिरुद विकत घेतो.

१६/२१
येथे हमखास प्रतिवाद होतो : ‘पिकअप वाढला, ॲव्हरेजही वाढले.’ ज्या इंजिनात टकटक ओळखून ठिणगीची वेळ बदलणारा नॉक सेन्सर असतो, तेथे थोडा फरक पडू शकतो. आपल्याकडील बहुतेक रोजच्या वापराच्या दुचाकींत तो नसतो. ठिणगीची वेळ कारखान्यात ठरलेली. पेट्रोल ९१चे की १००चे, हे इंजिनाला कळतच नाही. ॲव्हरेज बदलते ते टायरमधील हवेने, साखळीच्या ताणाने, रहदारीने. आणि ज्यासाठी जादा पैसे मोजले, ते चांगले वाटते, हा मनाचा जुना धर्म आहे.

१७/२१
मग जास्त ऑक्टेन केव्हा घ्यावे? गाडीच्या माहितीपुस्तिकेत तसे लिहिले असेल तेव्हा. केवळ दाबाच्या गुणोत्तरावरून अंदाज बांधू नये. जुन्या हिरो होंडा सीडी १००मध्ये ते ८.८, तर १५५ सीसीच्या यामाहा आर-१५मध्ये ११.६. पण इंजिन पाण्याने थंड होते का, ज्वलनकक्षाचा आकार कसा, ठिणगी केव्हा पडते, यांवरही सारे अवलंबून असते. अभियंत्यांनी हे गणित आधीच सोडवून उत्तर पुस्तिकेत छापलेले असते. पुस्तिका ९५ मागत असेल, तर ९१ घालून काटकसर करणे हाही तितकाच मूर्खपणा. किमान आकडा पाळावा. त्यावरचा आकडा ही केवळ हौस.

१८/२१
टकटक ऐकू आली तरी आधी चालवण्याकडे पाहावे. गांधीनगर जंक्शनवरून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पवईकडे चढताना मागे माणूस बसलेला, गाडी टॉप गिअरमध्ये आणि वेग रखडलेला असेल, तर हवेवर थंड होणारे इंजिन कण्हणारच. उपाय फुकट आहे : एक गिअर खाली घ्यावा. तरीही आवाज राहिला तर साचलेला कार्बन, चुकीचा स्पार्क प्लग किंवा बिघडलेली ठिणगीची वेळ मेकॅनिककडून तपासून घ्यावी. महागडे पेट्रोल अशा वेळी दुखणे झाकते, बरे करत नाही.

१९/२१
आता आजचा वाद. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले, आणि १९२१मध्ये बाजूला सारलेला पर्याय शतकाने परतला. शिशाच्या तुलनेत ते स्वागतार्हच. पण २०२५मध्ये जुन्या गाड्यांचे मालक विचारू लागले की रबरी नळ्या, सील आणि कार्ब्युरेटर यांचे काय, तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाच्या उत्तरात ठळकपणे काय आले? ऑक्टेन! पूर्वी ८८, मग ९१, आता ९५. प्रश्न नळीचा, उत्तर आकड्याचे. ९१ पुरणाऱ्या इंजिनाला ९५ दिल्याने नळी टिकत नाही आणि इथेनॉलमधील ऊर्जेची तूटही भरून निघत नाही. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालानेच जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के इंधनक्षमता घटण्याचा अंदाज दिला होता.

२०/२१
याचा दुसरा अर्थ असा की साधे पेट्रोलच आता बहुतेक दुचाकींच्या गरजेहून वरच्या आकड्याचे झाले आहे. तरीही महागड्या पेट्रोलची ओढ सुटत नाही. लिटरमागे ८ रुपये जादा धरले आणि घरपोच सामान पोहोचवणाऱ्या तरुणाने रोज २ लिटर जाळले, तर महिन्याच्या २६ दिवसांत ४१६ रुपये, वर्षाला जवळजवळ ५,००० रुपये. एवढ्या पैशांत वेळेवर ऑइल बदलते, एअर फिल्टर, स्पार्क प्लग नवे होतात आणि घासलेला टायरही बदलता येतो. त्याने गाडी खरोखर सुधारते. इथेनॉल टाळण्यासाठी कोणी वेगळे इंधन शोधत असेल, तर ते कारण स्वतंत्र आहे. त्याची चौकशी स्वतंत्रपणे करावी. त्याला ऑक्टेनचे नाव देऊ नये.

२१/२१
एडगर यांची मोजपट्टी निष्पाप होती. ती विकणाऱ्यांनी आधी तिच्याआड शिसे लपवले, मग तिला वेगाचे आणि शक्तीचे नाव दिले, आणि आता तिच्याच आधाराने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली जातात. प्रत्येक वेळी फसवणूक साधली ती एकाच कारणाने : आकडा काय मोजतो, हे ग्राहकाने विचारले नाही. इतिहासाची आवड असलेल्या पिढीने तरी ते विचारावे. आपल्या गाडीची पुस्तिका उघडावी, इंधनाचे पान शोधावे, तेथील आकडा वाचावा. योग्य ऑक्टेन तोच. त्याहून मोठा आकडा कोणी पुढे केला, तर तो कोणाच्या फायद्याचा आहे, एवढे निरखून पाहावे.